सातव्या दिवशी टोवार बाकावर

आमची लीग फाउंड्रीतल्या बारा जणांनी सुरू केली त्याला बावीस वर्षं झाली. फाउंड्री बंद पडली, तिथे आता श्रीमंतांच्या बोटी ठेवायचं गोदाम झालं, चार जण वर गेले, एक फ्लोरिडाला गेला म्हणजे जवळजवळ वरच, पण लीग चालू आहे. गेलेल्यांच्या जागी कुणाचा पुतण्या, कुणाचा जावई असं करत आकडा आम्ही बाराच ठेवलाय.

खेळ सोपा आहे. मार्चमध्ये आम्ही खऱ्या बेसबॉल खेळाडूंची आपापसात वाटणी करतो. मग ते खेळाडू मैदानावर जे काय दिवे लावतील त्याचे गुण आम्हाला. आज कोणाला खेळवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, एवढंच आपण फोनवर ठरवायचं. माझी बायको लोइस म्हणायची, "म्हणजे घाम ते गाळणार आणि सोफ्यावर बसून दमणार तू." बाई बोलायला फटकळ होती, पण हे तिचं बरोबर होतं.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं उरतात, त्यांची फायनल. सात दिवस. रोजचा एक सामना, ज्याने चार मारले तो राजा. राजाला मिळते ती प्लेट. फाउंड्री बंद व्हायच्या आदल्या दिवशी मार्व्ह डायकेमाने शेवटच्या ओताव्यातलं लोखंड घेऊन होम प्लेट ओतली, मैदानात बॅटरच्या पायाशी असते तशी, खऱ्या मापाची, पाच कोनांची, वीस किलोची. तिच्यावर दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव छिन्नीने कोरायचं. आणि नियम असा, की ती पोस्टाने पाठवायची नाही, कुणाबरोबर धाडायची नाही. फायनल हरलेल्या माणसाने ती मार्व्हच्या गॅरेजमधून उचलायची, स्वतः जिंकलेल्याच्या दारात नेऊन द्यायची, आणि जिंकलेल्याने त्याला घरात घेऊन पोटभर जेवू घालायचं. एका वर्षी आमचा एक जण ती घेऊन बसने टेक्सासपर्यंत गेला होता. येताना अपचन घेऊन आला.

मार्व्ह लीगचा कारभारी. मला चाळीस वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान पस्तीस मला गाढव म्हणत आलाय.

यंदा फायनलला मी होतो. आणि समोर माझा मुलगा होता, ट्रेंट.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. ट्रेंट चार वर्षं माझ्याशी बोललेला नाही. तो तिकडे इंडियानात, फोर्ट वेनला, शाळेत शिकवतो आणि पोरांच्या बेसबॉल टीमचा कोच आहे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याची टीम राज्य स्पर्धेत पोचली होती. पहिल्यांदाच. त्याच वेळी इकडे लोइसला डॉक्टरांनी तीन आठवडे दिले. ट्रेंटचा रोज फोन यायचा. मी सांगायचो, "बरी आहे रे, खोकला आहे जरासा. झोपलीय आत्ता." मला वाटलं, स्पर्धा होऊ दे पोराची, मग सांगू. तीन आठवडे म्हणालेत ना. ती बाराव्या दिवशी गेली.

ट्रेंट आला तेव्हा ती शवपेटीत होती. दफन झालं. मग गाड्यांजवळ त्याने मला एकच विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुझी मॅच होती." त्याने माझ्याकडे जसं बघितलं ते मी अजून विसरलो नाही. त्यानंतर फोन बंद. पुढच्या हिवाळ्यात त्याला मुलगी झाली, मेरन. मग घर बदललं, नवा पत्ता मला कळवला नाही. मार्व्हला मात्र नाताळचं कार्ड येतं. मार्व्हच्या फ्रिजवर माझ्या नातीचा फोटो आहे. माझ्या फ्रिजवर पिझ्झावाल्याचा नंबर आहे. पत्त्यासाठी मी मार्व्हच्या किती वेळा हातापाया पडलो असेन, पण नाही. "त्याने सांगितलंय देऊ नको म्हणून, मी नाही देणार," बस्स. चाळीस वर्षांची मैत्री, आणि कार्डाचं पाकीट लपवून ठेवतो हरामखोर.

पण लीग ट्रेंटने सोडली नाही. का ते मी कधी विचारलं नाही, विचारलं असतं तर कदाचित सोडली असती. त्यामुळे माझ्याकडे एकच वाट उरली होती. मी त्याला खेळाडूंच्या अदलाबदलीचे प्रस्ताव पाठवायचो. मुद्दाम मूर्खासारखे. 'तुझा सगळ्यात चांगला बॅटर दे, माझा लंगडा घे.' त्यावर त्याचं यायचं, 'नको.' कधी कधी 'नको, वेडा आहेस का.' ज्या दिवशी ते जास्तीचे शब्द यायचे त्या दिवशी माझं जेवण बरं जायचं. हसू नका. अडुसष्टाव्या वर्षी रिकाम्या घरात राहून बघा, मग हसा.

तर फायनल. सोमवारी सकाळी मी सातही दिवसांची मांडणी एकदमच करून ठेवली. माझा हुकमी एक्का म्हणजे एमिलियानो टोवार, यंदाच्या सीझनमधला सगळ्यात खतरनाक पिचर, चेंडू फेकणारा. त्याची पाळी रविवारी होती. म्हटलं, मालिका सातव्या दिवसापर्यंत ताणली गेली तर टोवार आहेच.

आमच्यात आणखी एक रीत आहे. फायनलच्या आठवड्यात दोघांनी एकमेकांना रोज टोमणा मारायचाच, सगळ्यांना दिसेल असा, लीगच्या पानावर. नाही मारला तर बाकीचे दहा जण तुटून पडतात. त्यामुळे ट्रेंटला बोलणं भाग होतं.

सोमवार मी मारला. मंगळवारी सकाळी कॉफी घेऊन पान उघडलं, तर त्याचं आलेलं, 'पहिल्या दिवशी सगळेच उड्या मारतात, म्हाताऱ्या. गुडघे सांभाळ.'

मी ते सात-आठ वेळा वाचलं. म्हाताऱ्या! चार वर्षांनी पोराने मला काहीतरी नाव घेऊन हाक मारली होती.

मंगळवार त्याने मारला. मी लिहिलं, 'दया आली म्हणून सोडला.' त्याने लिहिलं, 'तुझा तिसऱ्या बेसवरचा माणूस तुझ्या ट्रकपेक्षा हळू पळतो. आणि तुझा ट्रक पळतच नाही.' माझा ट्रक कसा आहे हे त्याच्या लक्षात आहे! मी किचनमध्ये एकटाच हसलो, मोठ्याने, मग लोइसच्या खुर्चीकडे बघून गप्प झालो. बुधवार माझा. गुरुवारही माझा. शुक्रवारी सकाळी बघतो तर तीन-एक. आणखी एक दिवस जिंकला की खलास.

मी लिहिलं, 'प्लेट उचलायला कमरेचा पट्टा घे विकत.'

उत्तर आलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. बाकीच्यांनी छळायला सुरुवात केली, ट्रेंट वँडरमोलेन कुठे लपला, पलंगाखाली बघा, वगैरे. तरी नाही.

दुपारी आम्ही दर शुक्रवारी जातो तिथे, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, तळलेला पर्च मासा खायला गेलो. मार्व्ह समोर बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच हसू होतं.

"काय रे, दात नवे बसवलेस का?" मी म्हटलं.

"जिंक लेका," तो म्हणाला. "या वेळी जिंकच."

"तुला काय एवढा पुळका?"

"मला काही नाही. तू जिंक म्हणजे झालं. गाढवा, तीन-एक पुढे आहेस, आता शेपूट घालू नकोस." आणि माझ्या ताटातला कोबी उचलून खाल्ला. मार्व्ह दुसऱ्याच्या ताटातलं खातो तेव्हा तो खुशीत असतो. मला वाटलं, आमच्या वयाचा माणूस जिंकतोय म्हणून बरं वाटत असेल.

घरी येऊन मी विचार करत बसलो. आणि माझा विचार म्हणजे काय, तुम्हाला कळलंच असेल आतापर्यंत.

मी जिंकलो तर ट्रेंटला ती प्लेट घेऊन माझ्या दारात यावं लागेल, माझ्या टेबलावर बसून जेवावं लागेल. येईल तो? मी म्हटलं, छे. मी ओळखतो ना पोराला. हट्टी आहे, माझ्यावर गेलाय. इथे यायच्या ऐवजी तो लीगच सोडून देईल. बघा ना, तीन-एक झाल्याबरोबर तोंड बंद केलं त्याने. पण मी हरलो तर? हरलो तर नियमच मला त्याच्या दारात नेऊन उभा करेल. मार्व्हला पत्ता द्यावा लागेल. ट्रेंटला दार उघडावं लागेल, जेवायला घालावं लागेल, बारा जणांचा बावीस वर्षांचा नियम आहे. दोन्ही हातात वीस किलो लोखंड धरलेल्या म्हाताऱ्याला कोण दारातून हाकलतं? आणि आत ती असेल. साडेतीन वर्षांची. माझ्या मांडीवर नाही बसली तरी चालेल, नुसती बघायला मिळाली तरी पुष्कळ.

म्हणून मी हरायचं ठरवलं.

मुद्दाम हरणं म्हणजे आमच्या लीगमध्ये सगळ्यात मोठं पाप. नऊ वर्षांपूर्वी गॉर्डी नावाच्या एकाने मेव्हण्यासाठी सामना सोडला होता, त्याला आम्ही मतं घेऊन हाकलला. तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. 'जो असं करेल तो कायमचा बाहेर,' हे वाक्य नियमांत मीच घालायला लावलं होतं. ते मला आठवलं नाही असं नाही. पण तेव्हा गॉर्डीला नात नव्हती, असलं काहीतरी मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी काही करायची गरजच पडली नाही. माझ्या एका बॅटरच्या मनगटाला लागलं होतं, तो खेळणार नव्हता. मी त्याला तसाच आत राहू दिला, त्याचे गुण शून्य. ट्रेंट जिंकला. तीन-दोन.

शनिवारी सकाळी मी माझ्या चांगल्या बॅटरला, केसलरला, बाकावर बसवून त्याच्या जागी पडलो नावाचं एक ध्यान आत घातलं. या माणसाने जूनपासून एक होम रन मारला नव्हता. तर त्या दिवशी मेल्याने दोन मारले! मी टीव्हीसमोर बसून त्याला आईबहिणीवरून शिव्या घालत होतो. तरीही ट्रेंट अर्ध्या गुणाने निसटला. तीन-तीन.

राहिला रविवार. आणि रविवारी टोवार.

टोवार खेळला तर मी हरणं शक्यच नव्हतं. शनिवारी चार वाजता, पडलोची मॅच चालू असतानाच, मी फोन हातात घेतला. टोवारच्या नावावर बोट ठेवलं. खाली सरकवलं. 'बाक.' खात्री आहे का, असं फोनने विचारलं. फोनला कसली काळजी म्हणा, पण त्याने विचारलं. मी 'हो' दाबलं. प्रत्येक बदलाची वेळेसकट नोंद राहते हे मला माहीत होतं. पण त्या नोंदी उघडतं कोण? गॉर्डीनंतर कोणी उघडल्या नव्हत्या. आणि कोणी विचारलंच तर म्हणू, अंगठा जाड आहे, फोन छोटा आहे, चुकून सरकला. म्हाताऱ्याला कोण अडवतंय.

रविवारी जेवण करून मी टीव्ही लावला. टोवारने पहिल्या तिघांना बारा चेंडूंत घरी पाठवलं. ठीक आहे. दुसऱ्या डावात तिघं. तिसऱ्यात तिघं. चौथा संपला तेव्हा मी सरळ होऊन बसलो. एकालाही त्याचा चेंडू धड मारता आला नव्हता. पाचव्यात लोक उभे राहायला लागले. सहाव्यात समालोचक आवाज खाली आणून बोलायला लागला, कारण असल्या वेळी काय घडतंय त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, दृष्ट लागते. नऊ डावांत समोरच्याला एकही हिट न देणं, हे पिचरला आयुष्यात एकदा साधलं तर साधतं. अख्खी अमेरिका त्या दुपारी हात जोडून बसली होती. मी एकटाच म्हणत होतो, 'अरे मारा कोणीतरी! मारा रे!'

कारण फोन वाजायला लागला होता. आमच्या लीगवाल्यांना वाटत होतं टोवार माझ्या टीममध्ये खेळतोय. 'डुएन, नशीब काढलंस!' 'वँडरमोलेन, प्लेट तुझी!' 'म्हातारा पेटलाय!' एकामागून एक. मी एकालाही उत्तर दिलं नाही. टोवारला परत आत घेता येत नव्हतं, मॅच सुरू झाली की कुलूप लागतं. मी तरी चार वेळा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू.

आठव्या डावाच्या मध्यात ट्रेंटचं आलं. सगळ्यांच्या पानावर नाही. फक्त मला.

'काय माणूस आहे हा! बघतोयस ना डॅड? आम्ही तिघं उभं राहून बघतोय. घे, जिंकलास. हरलो मी.'

डॅड.

मी फोन मांडीवर ठेवला. तो तिकडे उभा होता, पोरीला घेऊन, माझा टोवार बघत, आणि हरल्याचा त्याला काहीही राग नव्हता. एवढा आनंदी तर तो शाळेत असताना मॅच जिंकून यायचा तेव्हा असायचा. मी टाइप केलं, 'बघतोय.' तेवढंच सुचलं. टोवारने शेवटच्या माणसाला बाद केलं आणि सगळे त्याच्या अंगावर पडले. मी टीव्ही बंद केला.

संध्याकाळी सगळे सामने संपल्यावर निकाल लागला. ट्रेंट चार, मी तीन. लीगच्या पानावर अचानक कुणाचंच काही येईना. मघाशी नाचणारे सगळे गप्प. मला वाटलं, गोंधळले असतील. आणि सांगू का, मनात कुठेतरी मला अजून वाटत होतं, जमलं! हरलो बुवा! आता जायचं.

सोमवारी सकाळी मी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट काढला. दुकान उघडल्या उघडल्या जाऊन एक कापडी ससा घेतला, कान लांब असलेला, तीन वर्षांच्या मुलीला काय आवडतं ते त्या दुकानातल्या पोरीला विचारून. नऊ वाजता मार्व्हकडे गेलो. तो गॅरेजमध्ये होता. प्लेट टेबलावर होती आणि शेजारी छिन्नी, पण कोरलेलं काही नव्हतं.

"पत्ता दे," मी म्हटलं. "आणि हात लाव जरा, ट्रकमध्ये चढवू."

मार्व्हने मला गाढव म्हटलं नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बस, डुएन."

"बसायला वेळ नाही, चार तासांचा रस्ता आहे."

"टोवार बाकावर कसा?"

"अंगठा," मी म्हटलं. "फोन छोटा, अंगठा—"

"बस म्हणतो ना."

मी बसलो. त्याने त्याचा फोन माझ्यासमोर धरला. काल संध्याकाळी सात वाजता ट्रेंटने मला सोडून सगळ्यांना लिहिलं होतं. 'मला आधी वाटलं गुण मोजण्यात चूक झालीय, म्हणून नोंदी उघडल्या. टोवारला शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी बाकावर बसवलंय. केसलरला त्याच दिवशी सकाळी. शुक्रवारचंही बघा. हा विजय मला नको. नियमाप्रमाणे मत घ्यावं, अशी मी विनंती करतो.'

"त्याने मागितलं मत?" मी विचारलं.

"त्यानेच."

"आणि?"

"सकाळपर्यंत सगळ्यांची मतं आली. अकरा-शून्य." मार्व्ह खाली बघत म्हणाला, "माझंही. दुसरं काय करणार होतो मी? गॉर्डीच्या वेळी तूच टेबलावर मुठी आपटल्या होत्यास."

"तू समजून घे मार्व्ह, मी काही जिंकायला केलं नाही हे! मला फक्त त्याच्या घरी जायचं होतं. तो माझ्याकडे आला नसता रे. मेला असता पण आला नसता."

मार्व्हने छिन्नी उचलली, खोक्यात टाकली आणि खोकं बंद केलं. मग म्हणाला, "त्याने मला गुरुवारी फोन केला होता."

"कुणी?"

"ट्रेंटने. दोन-एकने मागे होता तेव्हाच. म्हणाला, मी हरणारच आहे, डॅडकडे टोवार आहे. हरलो तर प्लेट घेऊन मला एकट्यानेच जायला लागतं का, की बायको-मुलीला घेऊन गेलेलं चालतं? मी म्हटलं चालतं की, आण सगळ्यांना. म्हणाला, डॅडला सांगू नकोस, आधी कळलं तर तो काहीतरी करून ठेवेल." मार्व्हने नाक पुसलं. "सोमवारची रजा टाकली होती त्याने. आजची. सकाळी लवकर निघणार होते, इथून प्लेट घेऊन बाराला तुझ्याकडे. चार वर्षं पोरगा असल्याच काहीतरी बहाण्याची वाट बघत होता, डुएन. आपण होऊन यायला त्याला जमत नव्हतं, एवढंच."

 गॅरेजच्या दारातून गावाशेजारच्या सरोवरावरचा वारा आत येत होता. म्हणजे मला काहीच करायची गरज नव्हती. गेल्या सोमवारी सकाळी जे मांडलं होतं ते तसंच ठेवून सोफ्यावर गप बसायचं होतं. लोइस म्हणायची तसं, दुसऱ्यांनी घाम गाळायचा होता. एवढं नाही जमलं मला.

"माझ्यासाठी काही निरोप आहे त्याचा?" मी विचारलं.

"आहे. ऐकू नकोस."

"वाच."

मार्व्हने चष्मा लावला आणि वाचलं, "'त्याला सांग, आई गेली तेव्हा मला वाटलं होतं तो घाबरला असेल. माणूस घाबरतो, चुकतो. पण हे घाबरणं नाही. मी काय करेन, मला काय झेपेल, हे तो माझ्या आधी ठरवून मोकळा होतो. मग मी काहीही केलं तरी उशीर झालेला असतो. मला माझ्या मुलीला यात आणायचं नाही.'"

वाचून झाल्यावर त्याने फोन खिशात ठेवला.  यंदा प्लेटवर नाव नाही, तो म्हणाला, वर्षच कोरलं जाणार नाही.

मी उठलो. पायात मुंग्या आल्या होत्या. आणि मला कळत होतं की विचारू नये, तरी मी विचारलं.

"पत्ता दे, मार्व्ह. प्लेट नको. नुसता जातो. माफी मागतो, दारातूनच परत येतो."

"पत्ता हरलेल्याला देतात," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कारभाऱ्याचाच होता. "तू हरला असतास तर हातात ठेवला असता. जिंकला असतास तर तो आला असता. तू खेळलासच नाहीस, डुएन."

मी घरी आलो. ससा ट्रकमध्येच राहिला. लीगचं पान उघडून बघितलं, ते उघडेना, तुम्ही या लीगमध्ये नाही असं लिहून यायला लागलं, म्हणजे त्याला 'बघतोय' नंतर आणखी काही लिहायचीही सोय उरली नाही. साडेअकरा वाजले होते. मी टेबलावरचं सामान आवरलं, चार खुर्च्या सरळ केल्या आणि दाराकडे तोंड करून बसलो. कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. बारा वाजले, सव्वाबारा झाले, तरी मी बसून होतो.